नॅक्सोस : सहकुटुंब ग्रीस, पण एकच बेट

नीलाक्षी

ग्रीसच्या सहलीचे आराखडे इथे अधूनमधून येतात आणि बहुतेकांचा साचा एकच असतो: अथेन्सला दोन रात्री, मिकोनोसला दोन, सँटोरिनीला दोन, की परत. दोघंच जाणार असाल तर हरकत नाही. पण बरोबर सत्तरीतले आई-बाबा आणि शाळकरी मुलं असतील तर माझं कळकळीचं सांगणं आहे, बेटं मोजत फिरू नका. एकच बेट घ्या, तिथे आठवडाभर मुक्काम ठोका, आणि किनाऱ्याला जेवढा वेळ द्याल तेवढाच आतल्या डोंगरातल्या गावांना द्या. आम्ही सप्टेंबरात नॅक्सोसला असेच राहिलो. आई-बाबा नाशिकहून आले होते, आम्ही चौघं म्युनिकहून.

नॅक्सोसच का, तर सायक्लेड्स बेटांमधलं हे सगळ्यात मोठं, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं. मधोमध झास नावाचा १००० मीटरचा डोंगर आहे, या बेटसमूहातला सर्वांत उंच. तो ढग अडवतो. म्हणून आजूबाजूची बेटं उघडीबोडकी दिसत असताना इथे झरे आहेत, ऑलिव्हच्या राया आहेत, द्राक्षं आहेत, बटाट्याची शेतं आहेत, गाई आहेत. इथल्या बटाट्याला २०११ मध्ये युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, गाईच्या दुधाच्या ग्राविएरा चीजला तर १९९६ मध्येच मिळालं होतं. इथली माणसं फक्त पर्यटकांवर जगत नाहीत. गावातल्या चौकात प्लेन ट्रीच्या सावलीत बसलेले आजोबा खरोखर शेतावरून आलेले असतात, आणि आपण शेजारच्या टेबलावर बसलो तर मान हलवून पुन्हा आपल्या गप्पांना लागतात. मला हे फार आवडलं.

पोचायचं कसं: अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची ३ नंबरची लाइन थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते. तिथून मोठी बोट सकाळी साडेसातच्या सुमारास सुटते, पारोसला थांबते आणि साधारण पाच-साडेपाच तासांत नॅक्सोसला लागते. जलद बोटीही आहेत, पण त्या महाग, बंदिस्त आणि वाऱ्यात जास्त हलणाऱ्या. मोठ्या बोटीत सरकता जिना आणि लिफ्ट असते, मुलांना डेकवर मोकळं फिरता येतं, आणि आई-बाबांना पाय पसरून बसता येतं. विमानानेही जाता येतं, छोटी पंख्याची विमानं आहेत. पण समुद्रातून बेट हळूहळू वर येताना बघायचं असेल तर बोटच घ्या.

बोट बंदरात शिरताना डाव्या हाताला पोर्तारा दिसतो. एका चिमुकल्या बेटावर नुसती संगमरवरी चौकट उभी आहे, सुमारे सहा मीटर उंच. मागे देऊळ नाही, पुढे काही नाही. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमारास लिग्डामिस नावाच्या हुकूमशहाने अपोलोचं भव्य देऊळ बांधायला घेतलं. पुढे त्याची सत्ता गेली आणि काम थांबलं. नंतरच्या काळात तिथे चर्च झालं, मग व्हेनिसच्या लोकांनी संगमरवर काढून वर किल्ल्याला वापरला. चौकटीचे दगड एकेक वीसेक टनांचे, ते हलवणं झेपलं नसावं, म्हणून दार उरलं. बंदरातून बांधावरून चालत जाता येतं. शेवटच्या चढावर थोड्या पायऱ्या आहेत, वारा मात्र जबरदस्त. संध्याकाळी गर्दी होते, सकाळी आठला आम्हीच होतो. मुलांना तिथे बसून अॅरिअॅड्नीची गोष्ट सांगितली: क्रीटच्या राजकन्येने थीसियसला चक्रव्यूहातून बाहेर यायला दोऱ्याचा गुंडा दिला, तिला घेऊन तो निघाला आणि याच बेटावर झोपेत सोडून गेला. मग मद्याचा देव डायोनिसस आला आणि त्याने तिच्याशी लग्न केलं. धाकटीला थीसियसचा इतका राग आला की पुढे सहलभर तिने त्याचं नाव घेऊ दिलं नाही.

बंदराजवळचं मुख्य गाव म्हणजे खोरा. वरच्या टोकाला कास्त्रो, म्हणजे १२०७ मध्ये आलेल्या मार्को सानुदो या व्हेनिशियन सरदाराचा किल्ला. चौथ्या क्रूसेडमध्ये कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर त्याने ही बेटं जिंकली आणि इथे राजधानी केली. किल्ल्यात कॅथलिक घराणी राहायची, खाली बुर्गोसमध्ये ऑर्थोडॉक्स ग्रीक. दारांवरच्या दगडी कुलचिन्हांकडे लक्ष ठेवा. गल्ल्या अरुंद, वळणदार आणि चढाच्या. बाबा मजेत चढले, आईने निम्म्यावर बसून घेतलं.

किनाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळीकडे वाचायला मिळेल. खोराला लागूनच आयोस योर्गोस आहे, पाणी बरंच आतपर्यंत कमरेइतकंच, लहान मुलांसाठी उत्तम. पुढे आयोस प्रोकोपिओस, आया आना, मग प्लाकाची चार किलोमीटरची वाळू. बसने जाता येतं. मिक्री विग्लाला वारा असतो, तिथे पतंग बांधून पाण्यावर घसरणारे लोक बघत बसता येतं.

आता गावं. आम्ही गाडी भाड्याने घेतली होती आणि माझ्या मते डोंगरासाठी ती घ्यावीच.

हाल्की हे एकेकाळचं बेटाचं मुख्य गाव. इथे १८९६ पासून चालत आलेली वालिंद्रास कुटुंबाची भट्टी आहे, तिथे किट्रोन नावाचं मद्य काढतात. ते महाळुंगाच्या पानांपासून करतात. तिथल्या माणसाने आईच्या हातात पान चुरगळून दिलं. आईने वास घेतला, मग झाडावरचं फळ निरखून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर अंबाबाईच्या हातातलं महाळुंग." कोल्हापूरच्या मूर्तीच्या हातात असतं तेच ते फळ. तिने मद्याला हात लावला नाही, पण साखरेत मुरवलेल्या महाळुंगाच्या सालीची बरणी घेतली. हाल्कीहून ऑलिव्हच्या रायांतून सपाट पायवाटेने आयोस योर्गोस दियासोरितिस या बायझंटाइन चर्चला जाता येतं. सावली भरपूर आहे. जवळच मोनी गावापाशी पनायिया द्रोसियानी आहे, दगडी गोल पाठीचं बुटकं चर्च, आत सातव्या शतकातली भित्तिचित्रं. भिंतींवर चित्रांचे थर एकावर एक आहेत, वरचा थर काढून खालचा उघडा केला आहे. आत अंधार असतो, डोळे सरावेपर्यंत थांबा.

सांग्रीजवळ डिमीटरचं देऊळ शेतांच्या मधोमध आहे. डिमीटर ही धान्याची देवता, त्यामुळे जागा अगदी योग्य. इसवी सनापूर्वी ५३० च्या सुमाराचं हे देऊळ पूर्ण संगमरवरी होतं, छपराच्या कौलांसकट. पातळ संगमरवरी कौलांतून उजेड आत झिरपायचा. पॉसेनियस या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकाराने अशी कौलं पहिल्यांदा घडवण्याचं श्रेय नॅक्सोसच्याच बिझीस नावाच्या माणसाला दिलं आहे. नंतर इथेही चर्च झालं. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी विखुरलेले मूळ दगड ओळखून देवळाचा काही भाग पुन्हा उभा केला. जुना दगड करडा पिवळसर, नवा पांढरा, त्यामुळे काय मूळचं आणि काय भरलेलं हे लगेच कळतं.

आणि अपोलोनासचा कुरोस, म्हणजे प्राचीन ग्रीक पुरुषमूर्ती. बेटाच्या उत्तर टोकाला, जुन्या खाणीत, १०.७ मीटर लांबीचा पुतळा उताणा पडलेला आहे. सुमारे २६०० वर्षांपूर्वी खाणीतच कोरायला घेतला, दगडाला भेगा गेल्या म्हणून तिथेच सोडला असं मानतात. दाढीचा आकार आहे म्हणून हा डायोनिसस असावा. जवळ जाऊन पाहिलं तर नाक-डोळे अजून आलेलेच नाहीत. हात कोपरातून पुढे काढायचे होते, त्यासाठी चौकोनी ठोकळे राखून ठेवलेत. पावलं एकाच दगडात जोडलेली. अंगभर टाकीचे ठिपके आहेत, वाटाण्याएवढे, ओळीने. कुठे दाट, कुठे विरळ. कोणी कुठवर काम करून हात थांबवला ते दिसतं. थोरल्याने विचारलं, हा उभा केला असता तर किती मजली झाला असता? बाबा म्हणाले, आपल्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगचे तीन मजले धर.

बाबांची खरी सहल मात्र अपिरांथोसला झाली. संगमरवराने फरसबंद केलेलं हे डोंगरातलं गाव, आणि याच भागात एमरीच्या, म्हणजे धातू घासायला वापरतात त्या कठीण दगडाच्या खाणी. बाबा सातपूरला कारखान्यात ग्राइंडिंगच्या खात्यात उभी हयात होते. एमरी व्हील, एमरी पेपर हे शब्द आमच्या घरात लहानपणापासून. हा दगड कुठून येतो याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. गावातल्या छोट्या भूशास्त्र संग्रहालयात तो काळपट दगड काचेमागे होता. मग खाली मुत्सुनाच्या धक्क्यावर गेलो. खाणीतला माल समुद्रापर्यंत आणायला १९२० च्या दशकात हवाई दोरमार्ग उभारला होता, तो १९७० च्या दशकाअखेर बंद पडला. खांब, तारा, गंजलेल्या बादल्या अजून तशाच आहेत. रस्त्याकडेला पडलेला एक खडा बाबांनी उचलला. आकाराच्या मानाने चांगलाच जड, मोडलेल्या बाजूला बारीक चमक. त्यांनी तो अंगठ्याने घासून बघितला आणि मला म्हणाले, "चाळीस वर्षं याच्याबरोबर काढली बघ." नंतर परत खाली ठेवला.

खाण्याबद्दल आणि पायऱ्यांबद्दल विचारा, सविस्तर लिहीन.

---

घाटमाथा

सुरेख लिहिलंय. वाचनखूण साठवली. आम्ही पुण्याहून पुढच्या वर्षी सहा जण जायचं म्हणतोय, आई आणि आठ व पाच वर्षांची मुलं धरून. व्हिसा, गाडी आणि महिना या तीन गोष्टी सांगाल का? शाळेमुळे आम्हाला मे किंवा दिवाळी एवढेच पर्याय आहेत.

---

नीलाक्षी

@घाटमाथा, दिवाळीपेक्षा मे निःसंशय. ऑक्टोबरच्या शेवटी हॉटेलं, किनाऱ्यावरची उपाहारगृहं आणि बोटींच्या फेऱ्या आवरत्या घेतात. मेमध्ये डोंगर हिरवे असतात, फुलं असतात, चालायला हवा छान. समुद्र मात्र तेव्हा गार, १८-१९ अंशांचा. मुलं उतरतील, मोठे बहुधा काठावर बसतील. सप्टेंबरात पाणी २४ च्या आसपास असतं.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. जास्तीत जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि मेसाठी तो लवकरच करावा, कारण तेव्हा सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या खालच्यांना काही नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आईंच्या वयाप्रमाणे विम्याचा हप्ता बराच वाढतो, ते आधीच धरून चाला.

गाडीसाठी भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावाच लागेल. गाड्या बहुतेक गिअरच्या असतात, ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगून ठेवा. उजव्या बाजूने चालवायची आणि डोंगरात वळणं खूप. घाटात गाडी चालवायची सवय असेल तर अडचण येणार नाही. वळणावर बकऱ्या उभ्या असतात, वेग कमीच ठेवा.

---

दर्यावर्दी

लेख आवडला, पण एकाच बेटाच्या आग्रहाशी मी सहमत नाही. नाशिक-पुण्याहून जाणारं कुटुंब आयुष्यात एकदा ग्रीसला जातं. त्यांनी सँटोरिनी न बघता परतावं हे मला पटत नाही. तिथला कडा ही नुसती फोटोची जागा नाही. इसवी सनापूर्वी सतराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत आला. ज्वालामुखीच्या तोंडाच्या काठावर बसून आपण चहा पितो! अक्रोतिरीला त्याच राखेखाली गाडलेलं शहर आहे: दोन-तीन मजली घरं, सांडपाण्याच्या नाल्या, मोठाले रांजण. आणि वरून छप्पर आहे, उन्हाचा त्रास नाही, चालायला लाकडी मार्ग आहे. ज्येष्ठांना अगदी सोयीचं. नॅक्सोसहून बोटीने दोनेक तास.

---

नीलाक्षी

@दर्यावर्दी, अक्रोतिरीबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझा विरोध सँटोरिनीला नाही, दर दोन दिवसांनी सहा बॅगा घेऊन बंदरावर उभं राहण्याला आहे. बोटीला उशीर, मग खोली तयार नाही, मग औषधांची पिशवी कुठल्या बॅगेत गेली याची शोधाशोध. यात आई-बाबांचा अख्खा दिवस जातो. ज्यांना ओढ आहे त्यांनी नॅक्सोसला सामान ठेवून सँटोरिनीची एक रात्र जरूर करावी. फक्त ऑगस्टमध्ये नको.

---

घाटमाथा

आमच्या आईला ज्वालामुखीचं फार आकर्षण आहे, त्यामुळे ही एका रात्रीची वाट आमच्यासाठी चांगली दिसतेय. दोघांनाही धन्यवाद.

---

खडकवेडा

तुमच्या बाबांचा प्रसंग वाचून राहवलं नाही. भूशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो.

एमरी म्हणजे मुख्यतः कुरुंद आणि मॅग्नेटाइट हे लोहखनिज यांचं एकजीव मिश्रण. कुरुंद कठीणपणाच्या दहाच्या मापावर ९ वर, त्याच्या वर फक्त हिरा. मॅग्नेटाइटमुळे रंग काळा आणि वजन जास्त, तेच बाबांच्या हाताला जाणवलं. नॅक्सोसवर आधी चुनखडीचे थर होते, त्यांच्या अधेमधे बॉक्साइट, म्हणजे अॅल्युमिनियमचं खनिज, साठलेलं. पुढे सगळं जमिनीत खोल दाबलं गेलं आणि तापलं. चुनखडीचा संगमरवर झाला आणि बॉक्साइटची एमरी. म्हणजे शिल्प घडवायचा दगड आणि त्याला घासून गुळगुळीत करायचा दगड, दोन्ही एकाच घडामोडीतून, एकाच बेटावर. हातांची घडी घातलेल्या सायक्लेड्सच्या त्या संगमरवरी बाहुल्या, साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या, घासायला हीच एमरी वापरत. लोखंड हाताशी नसताना तो गुळगुळीतपणा आला कसा, याचं उत्तर या दगडात आहे.

नॅक्सोसचा संगमरवर जाड दाण्याचा, पारोसचा बारीक दाण्याचा आणि आतून उजळल्यासारखा. संग्रहालयात मूर्तीच्या तुटलेल्या कडेपाशी वाकून बघा, फरक डोळ्यांना कळतो. डेल्फीच्या संग्रहालयातला उंच खांबावरचा स्फिंक्स आणि डेलॉसच्या सिंहांची रांग ही दोन्ही नॅक्सोसच्या लोकांनी अर्पण केलेली, त्यांच्याच दगडात. आपल्याकडे दख्खनचा काळा बसाल्ट, म्हणून वेरूळला कैलास जागच्या जागी वरून खाली खोदला. तिथे खाणीत अर्धवट मूर्ती कोरून वजन कमी करायचं, मग जहाजाने न्यायची. अपोलोनासचा कुरोस हा त्याच पद्धतीचा वाटेत थांबलेला नमुना. मेलानेसजवळ फ्लेरिओला असेच दोन आणखी आहेत, लहान, आणि तिथे जायची वाट बागांमधून जाते. वेळ असेल तर तेही बघावेत.

---

नीलाक्षी

@खडकवेडा, हा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी कुरुंदाचा परिच्छेद परत वाचायला लावला आणि तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

---

लोणकढी

खाण्याचं लिहा ना! आमच्याकडे सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. युरोपात त्यांचे फार हाल होतात, सारखा ब्रेड आणि चिप्स.

---

नीलाक्षी

@लोणकढी, ग्रीसमध्ये हाल होणार नाहीत, हे ठामपणे सांगते. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास भरपूर असतात: ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, १ ते १४ ऑगस्ट, आणि श्रद्धाळू लोक एरवीही बुधवार-शुक्रवार पाळतात. उपासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत. त्यामुळे भाज्या आणि कडधान्यांचे ऑलिव्ह तेलातले पदार्थ त्यांच्या रोजच्या स्वयंपाकात मुरलेले आहेत. अशा जेवणाला निस्तीसिमो म्हणतात, हा शब्द लिहून ठेवा. एक सावधगिरी: उपासाला त्यांना कोळंबी, माकली, ऑक्टोपस चालतं. म्हणून "खोरिस क्रेआस, खोरिस प्सारी, खोरिस थालासिना", म्हणजे मांस, मासे, समुद्रातलं काही नको, असं पुढे जोडा.

आईला आवडलेलं सांगते. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, केपर्स आणि ऑलिव्ह तेल. आईने पहिल्याच घासाला "यात हिंग-जिरं हवं होतं" म्हटलं आणि ताटली पुसून खाल्ली. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत भट्टीत भाजलेले मोठे पांढरे वाल. येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, यात कधी खिमा असतो, विचारून घ्या. ब्रियाम म्हणजे वांगी, बटाटे, दुधी-काकडीच्या जातीची कोवळी कोलोकिथी, सगळं एकत्र भाजलेलं. आणि नॅक्सोसचे तळलेले बटाटे. ते त्यांच्याच शेतातले, हाताने कापलेले, ऑलिव्ह तेलात तळलेले. मुलांनी रोज मागितले आणि मी रोज दिले. गोडात दही, मध, अक्रोड.

चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरतात ते वासराच्या पोटातलं रेनेट असू शकतं, सासूबाई ते पाळत असतील तर ग्राविएरा टाळावं लागेल. आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती, रात्री मुगाची खिचडी आणि तिथला टोमॅटो. प्रेशर कुकर आईने नाशिकहून आणला होता.

---

माहेरवाशीण

उपासांचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आम्ही दुबईहून १५ ऑगस्टला टिनोसला होतो, नॅक्सोसच्या जवळचंच बेट. तो मेरीमातेचा सगळ्यात मोठा सण. १८२३ मध्ये तिथे जमिनीत तिचं चित्र सापडलं आणि त्यावर चर्च उभं राहिलं. बंदरापासून चर्चपर्यंतच्या चढावर रस्त्याच्या कडेला गालिचाची पट्टी अंथरलेली असते, नवस बोललेले लोक तिच्यावरून गुडघ्यांवर रांगत वर जातात. ऐन ऑगस्टच्या उन्हात. एक तरुण मुलगी पाठीवर तान्ह्या बाळाला बांधून रांगत होती, तिची आई शेजारून चालत तिच्या डोक्यावर पाणी शिंपडत होती. आमच्या सासूबाई लहानपणी नवरात्रात लोटांगणं घालत. त्यांनी काही न बोलता चपला काढून हातात घेतल्या आणि उरलेला रस्ता अनवाणी चालल्या.

नॅक्सोसला हाच सण फिलोती गावात जोरात होतो, रात्रभर व्हायोलिन आणि नाच. जायचं असेल तर बोटीची आणि राहण्याची नोंदणी फार आधी करा. सगळा ग्रीस त्या आठवड्यात आपापल्या गावी निघालेला असतो.

---

दर्यावर्दी

आणि ऑगस्टमध्ये मेल्तेमीचंही बघा. उत्तरेचा हा वारा जुलै-ऑगस्टमध्ये सलग दिवसचे दिवस वाहतो. आकाश निरभ्र असतं, त्यामुळे नवख्याला शंकाच येत नाही. वारा बोफर्ट या वाऱ्याच्या मापावर ८ च्या आसपास गेला की बंदराचे अधिकारी बोटी थांबवतात, जलद कॅटमरान बोटी त्याआधीच थांबतात. परतीचं विमान असेल तर आदली रात्र अथेन्समध्येच काढावी, हे मी कुणालाही सांगेन.

---

कोरडवाहू

लेखात झरे आणि बटाट्याची शेतं वाचली. पण २०२४ च्या उन्हाळ्यात याच नॅक्सोसची धरणं आटल्याच्या बातम्या होत्या. विहिरींत खारं पाणी शिरलं आणि बटाट्याचं पीक घटलं. मी माणदेशचा, त्यामुळे हे वाचून पोटात कालवतं. हॉटेलांना पाणी आणि शेताला नाही, असं तिथेही होतंय का?

---

नीलाक्षी

@कोरडवाहू, प्रश्न अगदी रास्त आहे. पाऊस कमी झाला आणि उन्हाळ्यातली वस्ती कितीतरी पटींनी वाढते, दोन्ही एकदम. खारं पाणी गोडं करायची यंत्रं बसवताहेत, ते पाणी घरांना आणि हॉटेलांना जातं, शेतीची काळजी उरतेच. आमच्या घरमालकीणबाई स्वतः बटाटा लावतात. त्यांनी पहिल्या दिवशीच अंघोळीचं पाणी जपून वापरा असं सांगितलं, आणि तलाव असलेल्या हॉटेलांबद्दल त्या रागानेच बोलल्या. आपल्या परीने एवढं करता येतं, की पोहण्याचा तलाव असलेली जागा घेऊ नये. समुद्र समोर असताना तो कशाला हवा?

अपिरांथोसशी याचा जुना धागा आहे. मानोलिस ग्लेझोस हे याच गावचे, जन्म १९२२. मे १९४१ मध्ये अथेन्स नाझींच्या ताब्यात असताना त्यांनी आणि आपोस्तोलोस सांतास यांनी रात्री अॅक्रोपोलिसवर चढून स्वस्तिकाचा झेंडा उतरवला. तेव्हा ग्लेझोस अठरा वर्षांचे होते. पुढे तुरुंग, फाशीची शिक्षा, सगळं भोगलं. १९८६ मध्ये ते गावाचे प्रमुख झाले, गावाचे निर्णय गावसभेत घ्यायचा प्रयोग त्यांनी केला, आणि ओढ्यांवर बांध घालून पाणी जमिनीत मुरवण्याच्या कामात लक्ष घातलं. २०२० मध्ये गेले.

---

कोरडवाहू

झेंड्याची हकिकत माहीत होती, बांधांची नव्हती. झेंड्याइतकंच मोठं काम आहे ते. धन्यवाद ताई.

---

पैठणीकाठ

माझे दोन्ही गुडघे बदलून झालेत. चालते, पण चढ-उतार आणि कठडा नसलेल्या पायऱ्या नको वाटतात. मुलगा-सून नॅक्सोसचं म्हणताहेत. मी जावं का?

---

नीलाक्षी

काकू, जरूर जा. राहायची जागा कास्त्रोच्या गल्ल्यांत घेऊ देऊ नका. आयोस योर्गोसच्या किनाऱ्याजवळ तळमजल्यावर घ्या, तिथे सगळं सपाट आहे आणि बंदर हाकेच्या अंतरावर. न्हाणीघरात पायरी आहे का ते आधी विचारून घ्या, जुन्या घरांत असते.

डिमीटरच्या देवळाला गाडीतळापासून फरसबंद वाट आहे, चढ अगदी सौम्य. हाल्की सपाट, चौकात बसायला जागा भरपूर. अपोलोनासचा पुतळा रस्त्यालगतच आहे, थोड्याच पायऱ्या चढायच्या, आणि तिथे सुनेचा हात धरा. अपिरांथोसचा मुख्य रस्ता मंद चढाचा आहे, पण संगमरवर गुळगुळीत झालाय, तळाला पकड असलेल्याच चपला घाला. पाऊस पडला असेल तर त्या दिवशी ते गाव सोडून द्या. पोर्तारा खालून बांधावरूनही छान दिसतो, शेवटच्या पायऱ्या नाही चढलात तरी चालेल. झास डोंगर आणि त्याची गुहा तरुणांना करू दे, तोवर तुम्ही फिलोतीच्या चौकात मोठ्या झाडाखाली बसा. आई तशीच बसली होती, आणि शेजारच्या बाईने तिला क्रोशाचा टाका शिकवला, दोघींना एकमेकींची भाषा येत नसताना.

बोटीत चढताना मोटारी जातात त्याच फळीवरून जावं लागतं आणि लोक घाई करतात. तुम्ही शेवटी चढा, बोट थांबते. पिरेयसला बंदर मोठं आहे, मेट्रोपासून चालण्यापेक्षा टॅक्सीने थेट तुमच्या फाटकाशी उतरा. गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत घेऊन ठेवा. खोराला दवाखाना आहे आणि औषधांच्या दुकानांत इंग्रजी बोलतात.

---

पैठणीकाठ

फारच आधार वाटला गं. मुलाला हा धागा पाठवला, सप्टेंबरची तारीख बघायला सांगितलीये. क्रोशाची सुई बॅगेत घालते.